भ्यालेल्या हाताची चिमूट

मित्रांनो, मी चिमटा आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. निखारे उचलणारा किंवा काटा काढणारा मात्र नव्हे. माणसाच्या कातडीची घडी माझ्या दोन जबड्यांत धरतात, तबकडीवरचा काटा तिची जाडी दाखवतो, आणि त्यावरून अंगात चरबी किती टक्के आहे याचा अंदाज बांधतात. अंदाजच, बरे का! ठासून बोलणे माझ्या स्वभावात नाही.

कारखान्यात माझी स्प्रिंग बसवली तेव्हा मी फार कोवळा होतो. तेथून मी एका तळघरातल्या व्यायामशाळेत आलो. तिथले मास्तर मला मऊ फडक्याने पुसत आणि पेटीत ठेवत. त्यांचा नियम कडक होता. "अंग कोरडं, व्यायामाच्या आधी, आणि हात माझा. नाहीतर मोजूच नका." ते दोन बोटांनी कातडी अलगद उचलत, खालचे मांस निसटू देत आणि मगच मला लावत. लोक म्हणत, "मास्तरांचा चिमटा खोटं बोलत नाही." मी आतल्या आत संकोचून जाई.

तिथे एक तरुण येई. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळे त्याला काडी म्हणत. "काडी, पंख्याखाली नको उभा राहूस, उडून जाशील!" तो हसायचा आणि वजने उचलायचा. त्याला पीळदार शरीर हवे होते. पण चरबीचे नाव काढताच त्याचा चेहरा उतरायचा. त्याचे वडील फार जाड होते. एकदा इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हणून ते जिना चढू लागले आणि अर्ध्या वाटेतच गेले.

"मास्तर, दूध-अंडी वाढवली तर पोट सुटेल का हो?"

"अरे, पीठ दळायचं तर थोडं अंगावर उडणारच. खा गपचूप!"

काडीने ऐकले. दंड भरू लागले, मांड्या घट्ट झाल्या. मग मास्तरांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले, आणि व्यायामशाळेची किल्ली त्यांनी काडीकडे दिली.

तेव्हापासून मला पेटी उघडण्याच्या आवाजाची धास्ती वाटू लागली. व्यायाम संपला की घामाने ओल्या, तापलेल्या हाताने काडी मला उचलायचा. दुसऱ्या हाताने स्वतःच्या मांडीला धरायचा. तो हात थरथरत असे. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसा तो कातडीबरोबर मूठभर मांसही ओढून घ्यायचा. माझा काटा पुढे सरकायचा. आकडा बघून तो पांढराफटक पडायचा आणि पुटपुटायचा, "बाबांसारखंच होणार माझं."

आधी दूध सुटले. मग अंडी. मग रात्रीचे जेवण. आई देत असे तो डबा भरलेलाच परत जाऊ लागला. माझ्या जबड्यांना रोज कळत होते की कातडी कागदासारखी होत चालली आहे. पण भीती वाढली की चिमूट मोठी होई, आणि आकडा खाली येईना. ओरडून सांगावे असे वाटे. पण देवाने मला जबडे दिले, जीभ दिली नाही.

एका दुपारी तळघरात तो एकटाच होता. बाकावर उताणे पडून त्याने नेहमीची वजनाची दांडी उचलली. हात लटपटले. दांडी हळूहळू खाली आली आणि त्याच्या छातीवर टेकली. पाय झाडण्याचा आवाज मी खिडकीच्या कट्ट्यावरून ऐकत होतो. मग तोही मंदावला.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. त्याची आई होती, हातात डबा. "कालचा तसाच आणलास. आज म्हटलं, समोर बसून भरव..." डबा खाली पडला. त्या माउलीने दांडीचे एक टोक कवटाळले आणि सारे बळ लावून वर रेटले. दांडी कलली, दुसऱ्या टोकाची वजने धडाधड जमिनीवर गेली. काडी खोकला. जिवंत होता.

"तुझे बाबा जिन्यात गेले रे," ती त्याला गच्च धरून म्हणाली, "आणि तू इथे तळघरात मला हे दाखवतोस?"

पुढे मास्तर काळा चष्मा लावून परतले. त्यांनी काडीला शांत बसवले, अंग कोरडे करवले आणि बोटांनी कातडी उचलली. त्यांचा हात थबकला. "अरे, इथे धरायला आहे काय? तू काय धरत होतास?"

काडीने दाखवले. मास्तरांनी त्याची चिमूट सोडवली. मग म्हणाले, "वेड्या, हे तुझं मांस आहे. घाम गाळून कमावलेलं. त्यालाच तू चरबी समजलास आणि उपाशी मारलंस."

आई डबा उघडत होती. काडीने पहिला घास घेतला तेव्हाही त्याची नजर माझ्याकडे होती. ती भीती अजून पुरती गेलेली नाही, मला ठाऊक आहे. कधीकधी तो माझ्या पेटीवर बोटे ठेवतो आणि मग काढून घेतो.

मित्रांनो, मला कोरडे ठेवा, माझ्या स्प्रिंगला गंज चढू देऊ नका. पण मला उचलण्याआधी एकदा आपल्या हाताकडे बघा. तो थरथरत असेल तर मला पेटीतच राहू द्या. आत काळोख असतो खरा. पण मला काळोखाची भीती वाटत नाही.