उजवा कान

"आजी, या पुड्या कसल्या?" कान-नाक-घशाच्या तरुण डॉक्टरने विचारले.

"डोकेदुखीच्या. पाण्यात उतरायच्या आधी आम्ही सगळ्याच घेतो."

"आणि हे थेंब?"

"नवऱ्याचे. तो जाऊन चार वर्षं झाली, बाटली अजून अर्धी आहे. टाकून देऊ?"

डॉक्टरने कपाळाला हात लावला. "डाव्या कानाच्या पडद्याला भोक पडलंय. पुडीमुळे दुखणं कळत नाही, म्हणून तुम्ही खोल जाता. आता बुडी बंद."

"तू किती खोल गेलायस रे बाळा?" छुनह्वाने विचारले. पंधराव्या वर्षापासून कोरियातल्या जेजू बेटाच्या समुद्रात शिंपले काढणाऱ्या बाईला हा पाणी शिकवणार! पुड्या पिशवीत कोंबून ती तरातरा निघाली.

सकाळी किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात शेकोटीभोवती बायका बुडी मारायचे काळे रबरी पोशाख चढवत होत्या. पुड्या बडीशेपेसारख्या हातोहात फिरत होत्या. छुनह्वाने दोन तोंडात टाकल्या.

"काय म्हणाला डॉक्टर?" मालसुनने विचारले. ती चाळीस वर्षांची जोडीदारीण.

"म्हणाला, कान नव्या नवरीसारखे आहेत."

"नवरी बहात्तरची!"

कान अजिबात ठणकला नाही. छुनह्वा तळाशी गेली, तळहाताएवढा शिंपला उचकटून वर आली आणि कोंडलेला श्वास शिट्टी घालत सोडला. वर आलेली प्रत्येक जण अशी शिट्टी घालते. त्यावरून जोडीदारीण जिवंत असल्याचे कळते. मालसुनची शिट्टी येईना. छुनह्वाने चौफेर पाहत हाक मारली.

"मालसुन! अगं मालसुन!"

डावीकडे, अगदी चार हातांवर, मालसुन गटांगळ्या खात होती.

"तीनदा शिट्टी घातली, ताई! हाका मारल्या! पायात गोळा आलाय, धर मला!"

छुनह्वाने तिला ओढत काठावर आणले. मग उरलेल्या सगळ्या पुड्या तिने शेकोटीत टाकल्या.

"दुखणं तेवढं लपवतात मेल्या," ती म्हणाली. "तू बुडाली असतीस."

"मग डॉक्टरचं ऐकणार तर!"

"त्याच्या बापाचं ऐकणार नाही. माझं मी ठरवलंय."

मालसुनची जोडी तिने स्वतःच एका तरण्या बाईशी लावून दिली. दुसऱ्या दिवशी अख्खा काळा पोशाख चढवून, कोण हसतंय ते बघत, ती म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या उथळ पाण्यात शेवाळ कापायला उतरली. उजवा कान समुद्राकडे होता.

लांबून बारीक शिट्टी आली. मालसुनचीच. छुनह्वा गुडघाभर पाण्यात उभी होती, केस कोरडे होते, श्वासही चढला नव्हता. तिने ओठांचा चंबू केला आणि उलट शिट्टी घातली.