न मोजलेले दात

सौंसरच्या गुलाब गजभियेला जगातली बहुतेक माणसं मूर्ख वाटत. उरलेली अजून त्याच्या गॅरेजवर आली नव्हती, म्हणून वाचली होती. नागपूर रोडवर पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं तो एकच काम करत आला होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत पोचवणारे दोन दातेरी गियर असतात, छोटा पिनियन आणि मोठा क्राउन. त्यांची जोडी बसवणं, हे त्याचं काम. छोट्याच्या मानाने मोठ्याला दात जास्त असले की गाडी ओझं ओढते, कमी असले की पळते. "ओढायची का पयवायची, येक बोल," असं तो गिऱ्हाइकाला विचारायचा. कोणी दोन्ही पाहिजे म्हटलं, की त्याला तो चहासुद्धा पाजत नसे.

टायर घेणाऱ्यांचा तर त्याला विशेष तिटकारा. टायरच्या अंगावर तीन आकडे छापलेले असतात. पहिला रुंदीचा, दुसरा उंची रुंदीच्या शेकडा किती त्याचा आणि तिसरा रिमचा. तिसरी पास झालेल्या माणसालाही त्यावरून चाकाचा घेर काढता येतो. पण लोक टायर घेणार कसे, तर शिंगांचा रंग बघून बैल घ्यावा तसे. जाड दिसला, घे. चमकला, घे. मग तो मडगार्डला घासला की गुलाबकडे या आणि तोंड पाडून उभे राहा. पांढुर्णा आता जिल्हा झाला तरी तिथल्या लोकांच्या अकलेत त्यामुळे काही भर पडलेली नाही, असं त्याचं मत होतं आणि ते तो पांढुर्ण्याच्या लोकांनाच ऐकवायचा.

त्यातही पांढुर्ण्याचे कळंबे त्याच्या तिरस्काराच्या यादीत पहिले. बापूजी कळंबे हे संत्र्याच्या मोठ्या बागेचे मालक. त्यांनी काळी लांबलचक कॉन्टेसा आणली होती, तालुक्यात तशी दुसरी नव्हती. चौऱ्याण्णव साली तिचा क्राउन झिजला, गुलाबने नवा सेट बसवला आणि आठ दिवसांत बापूजी भर बाजारात म्हणाले, "गुलाबनं माया गाडीचा रेडा केला. साठच्या वर गेली का बोंबलते." गुलाबने ऐकून घेतलं नाही. त्याने सांगितलं, की बापूजींनी स्वस्तातले बुटके टायर घातलेत. बुटकं चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फिरतं, म्हणून इंजीन ओरडतं. चूक टायर निवडणाऱ्याची आहे, मिस्त्रीची नाही. गोष्ट खरी वाटण्यासारखी होती, कारण टायर खरंच बुटके होते. बापूजींनी गाडी परत आणली नाही, ती गोठ्यात पडून राहिली. गुलाब मात्र पुढची तीस वर्षं ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आला. अख्ख्या सौंसरात गुलाबच्या हातून कधी चूक झाली नव्हती. त्याच्याकडे शेती नव्हती, बंगला नव्हता, हे एवढंच नाव होतं आणि ते तो जिवापाड जपत होता.

मार्चमधल्या एका सकाळी तीच कॉन्टेसा त्याच्या दारात येऊन थांबली. चालवत होता बापूजींचा नातू वीरेंद्र, त्यानेच ती गोठ्यातून काढून पुन्हा चालू केली होती. शेजारी खुद्द बापूजी, नव्वदीला आलेले, पांढऱ्या टोपीतले. गाडीला ताजा काळा रंग होता आणि खाली सतरा इंची चकचकीत रिमांवर हातभर रुंद टायर. चाकं मडगार्डच्या बाहेर दोन-दोन बोटं आली होती. गुलाबने हातातला पाना खाली ठेवला. इतका आनंद त्याला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"ह्ये चाकं कोनी निवडले?" त्याने विचारलं.

"म्या," वीरेंद्र म्हणाला. "मोबाइलवर पाहून. मस्त दिसून राहिले न, मिस्त्री?"

"दिसून त राहिले. घासून बी राहिले असतीन."

"हो न, त्याच्याचसाठी आलो. रिकाम्या गाडीत नाई घासत. मांगं तिघं बसले का घासते."

गुलाब हसला. चाक बसवून पाहायचं ते भरल्या गाडीत, हे ज्याला कळत नाही त्याने बैलगाडी हाकावी, असं त्याने मोठ्याने सांगितलं. मग खाली बसून टायरवरचे आकडे वाचले आणि मनातल्या मनात घेर काढला. मूळच्या चाकाचा घेर साडेसहा फूट, याचा सात फुटांच्या वर. म्हणजे आता गाडीला उठायलाच जड जाणार. गुलाबची मुलगी मोनाली आत अलाइनमेंटच्या मशीनवर होती. आयटीआय करून तिने बापाचं गॅरेज निम्मं आपल्या हातात घेतलं होतं. तीही बाहेर आली.

"आयक मोनाली," गुलाब म्हणाला. "आजोबानं बुटके घातले, नातवानं उंच घातले. तीस वर्षात येवढीच परगती. आता ह्ये गाडी सिल्लेवानीच्या घाटात दुसऱ्या वळनावर मरते का नाई पाय."

"नाई मरत, मिस्त्री," वीरेंद्र म्हणाला. "काल छिंदवाड्याले गेलतो. रामाकोन्याहून पुढं अख्खा घाट तिसऱ्यात चढली. पाच जन होतो. मांगं घासत होती तेवढंच."

"तिसऱ्यात?"

"तिसऱ्यात. अन् नागपूर रोडवर आता बोंबलत बी नाई. पयल्यापेक्षा सही पयते."

"खोटं," गुलाब म्हणाला.

त्याच्या तोंडून ते निघालं, पण डोक्यात हिशेब सुरू झाला होता. इतक्या मोठ्या चाकावर, पाच माणसं घेऊन, तिसऱ्या गियरमध्ये सिल्लेवानी चढायची, तर आतला सेट पळणाऱ्या गाडीचा असूच शकत नाही. तो ओझ्याच्या गाडीचा हवा. मोनालीने बापाकडे पाहिलं. तिलाही तोच हिशेब आला होता, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"बाबा, मोजू का?"

"मोजाचं काय त्याच्यात? म्या सोता बसवला हाय."

"मंग मोजल्यानं काय बिघडते?"

उत्तराची वाट न पाहता तिने मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. एका चाकावर आणि पिनियनला फिरवणाऱ्या खालच्या शाफ्टवर खडूने रेघ ओढली. वीरेंद्रला एका बाजूला उभं केलं, आपण दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही चाकं बरोबरीने एक पूर्ण फेरा फिरवली. शाफ्टचे फेरे चारला थोडे कमी भरायला हवे होते. ते पाचला थोडे कमी भरले. तिने पुन्हा फिरवलं, पुन्हा तेवढेच.

"चुकली तू," गुलाब म्हणाला.

"मंग तुमी मोजा."

गुलाबने मोजलं नाही. त्याला दात मोजणाऱ्या मिस्त्र्यांची कायम घाण वाटत आली होती. ज्याचे डोळे मेले तो खडू घेतो, असं तो म्हणायचा. त्याने तेल काढलं, नट सोडले आणि अर्ध्या तासात सेट बाहेर काढून बाकावर ठेवला. बापूजींना वीरेंद्रने हात धरून खाली उतरवलं आणि शेडच्या तोंडाशी खुर्चीत बसवलं.

मोनालीने फडक्याने क्राउन पुसला. दातांच्या मागे, तारेने ओरखडल्यासारखा, एक 'ग' कोरलेला होता. गुलाब आपल्या प्रत्येक सेटवर तो कोरत असे. म्हणजे तीस वर्षांत याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता. तिने दात मोजले, पिनियनला आठ, क्राउनला एकोणचाळीस. कॉन्टेसाला हवे होते नऊ आणि पस्तीस.

गुलाब बाकाशी तसाच उभा राहिला. त्याला तो महिना आठवला. संत्र्याचा हंगाम होता, दारात रांग लागलेली, ज्याला त्याला ओढणारा सेट पाहिजे होता, कारण जो तो गाडीत मावणार नाहीत एवढे क्रेट भरत होता. त्या दिवशी बाकावर दोन सेट होते. एक बापूजींच्या कॉन्टेसाचा, दुसरा केशवराव नावाच्या गिऱ्हाइकाच्या माल वाहणाऱ्या ट्रेकर जीपचा. दोन्ही एकाच मापाचे, कुठेही बसणारे. त्याने मोजले नाहीत. हातांना ओझ्याचेच सेट बसवायची सवय झालेली, पहिला हाताला आला तो टाकला. पुढे केशवरावची ट्रेकर संत्री भरली की चढावर दम टाकायला लागली, तेव्हा त्याने केशवरावलाही शिव्या दिल्या होत्या, की संत्री कमी भर, लोभ्या. केशवरावने ती गाडी पडेल भावात विकली होती.

ज्या माणसाला तो तीस वर्षं मूर्ख म्हणत होता, तो बरोबर होता. मूर्ख कोण होता, ते बाकावर कोरलेलं होतं. गुलाबला आपलीच किळस आली, आणि तिची त्याला मुळीच सवय नव्हती.

"टायरच्याच्यानंच होतं न, मिस्त्री?" वीरेंद्रने विचारलं. त्याला दातांतलं काही कळलेलं नव्हतं. एक 'हो' म्हटलं असतं, तर तो पांढुर्ण्याला जाऊन तेच सांगणार होता. मोनालीने फडकं खाली ठेवलं आणि बापाकडे पाहत राहिली.

गुलाब बापूजींच्या खुर्चीजवळ गेला.

"गलती माई होती, बापूजी," तो पुटपुटला.

"आँ?" बापूजींनी कानाला हात लावला.

"गलती माई होती."

"कोनाची?"

"माई!" गुलाब ओरडला. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळली. पंक्चरवाला विजय उठून उभा राहिला. "गुलाब गजभियेची! सेट म्या चुकीचा टाकला! दात मोजले नाई म्या!"

बापूजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला.

"मले पयल्याच खेपेले आयकू आलं होतं," ते म्हणाले. "टपरीवाल्याईले नोयतं आलं."

गुलाबची मान खाली गेली.

"अन् मले मालूम बी होतं. तवाच नागपूरच्या मिस्त्रीनं चाक फिरवून, मोजून सांगतलं होतं."

"मंग बदलून कावून नाई घेतला?"

"बदलला असता अन् गाडी सुधरली असती, त तू काय म्हनला असता? टायर बदलले म्हून सुधरली. हो का नाई?"

गुलाब हो म्हणाला. खरोखरच तो तेच म्हणाला असता.

"म्हून उभी ठेवली. म्हटलं, कवा त खोलन." बापूजींनी डोळे मिटून घेतले. त्यांना आता जेमतेम उजेड-अंधार कळत होता. "मले लय पयवाची होती रे थे. आता दिसत नाई."

"सही सेट हाय माया जवळ," गुलाब म्हणाला. "आत्ताच टाकून देतो."

"टाक. पन मोजून टाक. मोठ्यानं."

मोनालीने फळीवरून नवा सेट काढून आणला आणि खडू बापाच्या हातात दिला. गुलाबने क्राउनच्या पहिल्या दातावर पांढरी रेघ ओढली. टपरीवरची माणसं रस्ता ओलांडून शेडच्या तोंडाशी आली होती, विजय सगळ्यांत पुढे. गुलाब मोजू लागला. एक, दोन, तीन. प्रत्येक दातावर बोट ठेवत, शाळेतल्या पोरासारखं, खणखणीत आवाजात.

सतरावर आला तेव्हा बापूजींनी कानाला हात लावला. "आँ?"

गुलाबने त्यांच्याकडे पाहिलं. मग बोट उचललं, खडूच्या रेघेवर नेऊन ठेवलं आणि एकपासून पुन्हा सुरू केलं.