फाटकापाशी उभा केलेला फळा

मित्रांनो, पेणच्या एका कॉलेजात जिन्याखाली एक हिरवा फळा भिंतीला टेकवून ठेवला आहे. त्याचा रंग उडाला आहे, एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे. तोच मी. वय झाले, पण आठवण अजून पक्की आहे.

मोरू सुताराने मला सागाच्या चौकटीत बसवले आणि पांढऱ्या रंगाने माझ्यावर रकाने आखले. आडवे वार, उभे तास. बावीस वर्षे त्या रकान्यांत कॉलेजचे वेळापत्रक लिहिले जाई. सकाळी मुले माझ्यापुढे माना उंचावून उभी राहत, तेव्हा मला फार बरे वाटे. पुढे वेळापत्रक मोबाइलवर जाऊ लागले आणि मला जिन्याखाली ठेवून दिले. दोन वर्षे माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

मग करोना आला. दीड वर्ष कॉलेज बंद राहिले. ते उघडायचे ठरले तेव्हा किमया मॅडम मला शोधत आल्या. त्या रसायनशास्त्र शिकवत आणि वेळापत्रकही त्याच करत.

शिपाई गोविंदाला त्या म्हणाल्या, "मामा, हा फाटकापाशी उभा करू. मोठ्या अक्षरांत लिहिलं तर पोरांना लांबूनच वाचता येईल. गर्दी नको."

वर्गात मुले साठ, पण अंतर ठेवून वीसच बसत. म्हणून मॅडमनी हजेरी क्रमांकाप्रमाणे तीन गट पाडले. प्रत्येक गटाने आठवड्यातून दोन दिवस यायचे, बाकीचे चार दिवस घरून फोनवर तास ऐकायचा. महिपती सरांना दमा होता. ते रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहत आणि तिथूनच शिकवत. वर्गातल्या पडद्यावर त्यांचा चेहरा दिसे. सगळे नीट बसले असे मॅडमना वाटले. मलाही वाटले.

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी कासू गावाकडची विद्यार्थिनी मालू फाटकापाशी आली. गोविंदाने तिला थांबवले.

"आज तुझा गट नाय गो. आज तुझं ऑनलाइन हाय."

"व्हय मामा. पण बघू कशावर? घरात एकच फोन हाय, तो बाबांसंगं मिठागरावर जातो. मी हितं खिडकीबाहेर उभी राहून ऐकू का?"

मागून किमया मॅडम येत होत्या. त्यांनी ते ऐकले. त्यांच्या वहीत मालूच्या नावापुढे आठ गैरहजेऱ्या होत्या. मॅडम माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी ओल्या फडक्याने मला पूर्ण पुसून काढले.

त्या आठवड्यात त्यांनी प्रत्येकाला विचारले: घरी फोन आहे का, रेंज येते का, घरात कोणी आजारी आहे का? सात मुलांकडे फोनच नव्हता. त्यांना रोज कॉलेजात जागा दिली, उरलेल्या तेरा जागा बाकीच्यांनी आळीपाळीने घ्यायच्या. काही जण कुरकुरले. हर्षद मात्र म्हणाला, "मॅडम, माझे आजोबा आत्ताच दवाखान्यातून घरी आलेत. मी घरूनच ऐकतो. माझी पाळी दुसऱ्याला द्या."

महिनाभर बरे चालले. मग वर्गातल्या ऋत्विकला ताप आला आणि तपासणीत करोना निघाला. तो आला त्या दिवशी वर्गात कोण कोण होते, ते क्रमांक माझ्यावर लिहिलेले होते. त्या वीस जणांनाच घरी राहायला सांगितले. बाकीचे वर्ग चालू राहिले. पण चौथ्या दिवशी मालूला ताप भरला.

मॅडम खडू हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. गोविंदाला म्हणाल्या, "ज्यांचं नुकसान होऊ नये म्हणून रोज बोलावलं, त्याच पोरांना मी जास्त धोक्यात घातलं, मामा."

गोविंदाने स्टूल आणून त्यांच्यापाशी ठेवले.

सुदैवाने मालूचा ताप उतरला. पंधरा दिवसांनी तिची आई बायजाबाई फाटकाशी आली. तोंडाला पदर धरून ती लांबच उभी राहिली.

"मॅडम, पोरीला घरी ठेवली तर शिक्शान जातं. हितं धाडली तर माझ्या जिवाला घोर. तुमीच सांगा, काय करू?"

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा काही होणार नाही, असं मी सांगू शकत नाही, ताई. खिडक्या उघड्या ठेवीन. बाकं लांब ठेवीन. डबा झाडाखाली खायला लावीन. आणि कोणाला जरा कणकण असली तरी त्याच दिवशी तुम्हाला कळवीन. एवढंच माझ्या हातात आहे."

बायजाबाईने थोडा विचार केला. मग म्हणाली, "खोटं नाय बोललात, त्येच बरं. उद्या येल ती. पन खिडकीजवल बसवा तिला."

मॅडमनी लगेच माझ्या एका रकान्यात लिहिले: मालू, खिडकीचे बाक. तोवर माझ्यावर वर्ग लिहिले, विषय लिहिले, पण एखाद्या मुलीचे नाव तेव्हाच पहिल्यांदा लिहिले गेले.

मालू पदवी पास झाली. आता ती रोह्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते, असे गोविंदा कोणाला तरी सांगत होता. मी पुन्हा जिन्याखाली आलो. वाळवी हळूहळू वर चढते आहे. मला एकदा औषध लावले तर मी अजून काही वर्षे उभा राहीन.

पण मित्रांनो, मला तुमच्याकडे त्याहून मोठे मागणे आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी शाळेचे, दवाखान्याचे, कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक करील. तेव्हा ज्याची अडचण कोणी विचारलेली नाही, त्याला जवळ बोलावून आधी विचारा. मग खडू उचला.