गावाचा आहेर

साल २०२२. महासाथीची दोन वर्षं सरून तंजावुरात पुन्हा बाहेरगावची माणसं दिसू लागली होती. मोठ्या देवळापुढं बसगाड्यांची रांग लागायची आणि राजवाड्याच्या दारात रंगीत छत्र्यांची गर्दी व्हायची. त्याच वर्षी शहरात मुक्कामाला येणाऱ्यांवर रात्रीमागं कराची एक लहानशी पट्टी बसली, आणि तिच्या उत्पन्नातून राजवाड्यामागच्या गल्लीत एक गाडी आली.

हिरव्या रंगाची ती गाडी बॅटरीवर चालायची. मागचं दार उघडलं की आतून एक फळी जमिनीला टेकायची आणि चाकाची खुर्ची माणसासकट अलगद वर जायची. गल्लीतले लोक तिला 'विरुंदाळी वंडी' म्हणत, म्हणजे पाहुण्यांची गाडी. पाहुणे मात्र त्यात कधी बसत नसत. बसत ते गल्लीतले म्हातारे, आजारी आणि दिवस भरत आलेल्या लेकीसुना.

मराठी राजांबरोबर तंजावुरात आलेल्या घरांच्या या गल्लीत वसुमतीनं सून म्हणून पाऊल टाकलं तेव्हा इथं रात्री कंदील घेऊन चालावं लागे. प्यायचं पाणी कोपऱ्यावरच्या एका नळाला यायचं, तेही पहाटे, आणि त्यासाठी भांडणं व्हायची ती वेगळीच. राजवाडा बघायला तेव्हाही माणसं येत. बघत आणि जात. गल्लीला त्यांचा काही उपयोग नव्हता. आता त्याच माणसांच्या चार पैशांतून दिवे आले, स्वच्छ पाण्याची टाकी आली, बसथांब्याजवळ बायकांसाठी झाडून-पुसून ठेवलेलं न्हाणीघर आलं. वसुमतीला या गोष्टीचं फार कौतुक होतं. "कोण कुठली माणसं," ती म्हणायची, "देऊळ बघून जातात आणि आपल्या दारात दिवा लावून जातात!"

पण तिचं खरं कौतुक होतं त्या गाडीचं, आणि त्याला कारण होती तिची थोरली नणंद, शेषम्मा.

शेषम्मानं पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. नवरा लवकर गेला तेव्हा माहेरी आली ती ताठ मानेनं, आणि ताठ मानेनंच राहिली. म्हातारपणी मात्र गुडघे गेले आणि पाठोपाठ मूत्रपिंडंही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे. गल्ली अरुंद, म्हणून ऑटोवाले आत यायला नकार देत आणि तोंडाशीच थांबत. तिथपर्यंत दोन माणसांनी तिला उचलून न्यायचं आणि सामानासारखं आत सरकवायचं. एकदा या ओढाताणीत तिचं लुगडं सुटलं. त्या दिवशी ती घरी आल्यावर म्हणाली, "वसू, आतां बस्स. मी जात नाहीं." आणि खरोखरच जायची थांबली. पायांवर सूज चढली, श्वास लागायला लागला, तरी ही आपली भिंतीकडे तोंड करून पडलेली.

मग ती गाडी आली. उंबऱ्यापाशी फळी टेकली आणि शेषम्मा खुर्चीत बसल्या बसल्या राणीसारखी आत गेली. कुणी तिला हात लावला नाही. गाडीबरोबर येणारी भुवना नावाची परिचारिका तेवढी खुर्चीमागं. त्या दिवसापासून शेषम्माला एक सवय लागली. वाटेत कुणी प्रवासी दिसला, गोरा असो की काळा, की ती खिडकीतून हात जोडायची. प्रवासी गोंधळायचे. काही जण उलट नमस्कार करायचे, काही फोटो काढायचे.

"अक्का, देवळातला देव राहिला बाजूला, तुम्ही टुरिस्टला नमस्कार करताय," भुवना चिडवायची.

"देवानं पाय दिले नाहींत ग. ह्यांनीं चाकं दिलीं."

आता या सगळ्यात घोटाळा केला तो घरच्याच माणसानं. शेषम्माचा धाकटा भाऊ आणि वसुमतीचा दीर, रघोजी. पापनाशमला रेल्वेत तिकिटं देण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्तीनंतर त्यानं वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या नीट केल्या आणि पाहुणे ठेवायला लागला. दिल्लीचा, चेन्नईचा, परदेशचा पाहुणा आला की रघोजी चोख पट्टी घ्यायचा. पण महाराष्ट्रातलं कुणी आलं आणि "काका, खोली आहे का?" म्हणालं, की हा माणूस विरघळायचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी सुटलेलं घर जणू त्याच्या दाराशी चालत आलं! अशांची नोंद करताना तो 'नातेवाईक, भाचा' असं लिहायचा, म्हणजे पट्टी नाही. आणि महाराष्ट्रातून येणारी माणसं तर याच गल्लीत उतरायची. रघोजीचं बघून बाकीच्या मराठी घरांनीही तेच सुरू केलं.

पोंगलच्या आधीचा मार्गळी महिना लागला. दारोदारी तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, कोलम, आणि त्यांच्यावर भोपळ्याची फुलं. एके सकाळी महानगरपालिकेची लक्ष्मीप्रिया कॉफीला आली. पट्टीच्या पैशातून चालणाऱ्या सोयी तिच्या हाताखाली होत्या. वयानं लहान, पण बोलणं सरळ.

"मामी," टंबलर खाली ठेवत ती तमिळमध्ये म्हणाली, "तुमच्या दिरांना भाचे किती हो? दर आठवड्याला नवे निघतात."

वसुमती हसली, पण लक्ष्मीप्रिया हसली नाही.

"ज्या वॉर्डात पाहुण्यांचे जास्त मुक्काम, त्या वॉर्डाला गाडी, असा नियम आहे. कागदावर तुमच्या गल्लीत पाहुणे नावालाच. सगळे भाचे. पोंगलनंतर फेरवाटप आहे. नोंद अशीच राहिली तर गाडी पलीकडच्या वॉर्डात जाईल. मला थांबवता येणार नाही, मामी. तिथंही म्हातारी माणसं आहेतच की."

वसुमतीनं मागं वळून पाहिलं. आतल्या खोलीत शेषम्मा झोपली होती. वसुमतीनं दार हळूच ओढून घेतलं. गाडी जाणार हे अक्काला कळता कामा नये. ऑटोत उचलून घालायचं म्हटलं तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करील, आणि या खेपेला वळणार नाही, हे वसुमतीला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी तिनं रघोजीला गाठलं. तो ओसरीवर सुपारी कातरत बसला होता.

"भाऊजी, तुमच्या भाच्यांवर पट्टी घ्या."

"वैनी, हें काय बोलणं? आपल्या माणसावर पट्टी?"

"खोलीचं भाडं घेता तेव्हां नातं कुठं जातं?"

"भाडं खोलीचं. पट्टी माणसाची. दोन्ही एक कां?" अडकित्ता थांबला. "इतक्या पिढ्यांनंतर रक्ताचं माणूस दारांत येतं, आणि मी म्हणूं, तूं परका, पट्टी टाक? माझ्यानं नाहीं होणार."

"आणि अक्का?"

"अक्काला मी पाठीवर घेऊन जाईन."

"तुम्हाला जिना चढतां धाप लागते. पाठीवर नेतात म्हणे!"

रघोजी उठून गेला. नंतर दोन दिवस तो वहिनीशी बोलला नाही. कॉफी मागायची झाली तरी भिंतीकडे बघून मागायचा.

त्याच आठवड्यात मिरजेहून पाहुणे आले. एक निवृत्त शिक्षिका, त्यांचे यजमान आणि दोन मैत्रिणी. वसुमतीनं ठरवलं, दीर बोलत नाही तर आपण बोलू. रात्रीची पानं वाढताना तिनं मनाशी वाक्य जुळवलंसुद्धा. पण मिरजेच्या बाईंनी आंबट भाजीचा घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "वहिनी, तुमचं बोलणं ऐकलं, हे जेवण जेवले, आणि माझी पणजी आठवली हो." झालं.  वसुमतीनं आणखी भात वाढला, वर तुपाची धार सोडली आणि स्वयंपाकघरात येऊन स्वतःवरच चरफडली. दिराला एवढं बोलली, आणि वेळ आली तेव्हा तिचीही जीभ उचलली नाही. पाहुण्यापुढं हात पसरायचा नाही, हे दोघांच्याही अंगात तेवढंच मुरलेलं.

सकाळी गाडी आली. पाहुणे दारात कोलम बघत उभे होते. भुवनानं फळी टाकली, शेषम्माची खुर्ची बाहेर आली. पाहुण्यांना बघताच शेषम्मानं नेहमीसारखे हात जोडले.

मिरजेच्या बाई संकोचून पुढं आल्या. "अहो आजी, तुम्ही वडील. आम्हाला कसला नमस्कार?"

"ह्या गाडीचा. तुम्ही अस्के, सगळे जण, येतां, पट्टी देतां, म्हणून ही गाडी अहे. मी जिवंत अहें ती तुमच्या जिवावर." शेषम्मा प्रसन्न हसली.

बाई यजमानांकडे बघू लागल्या. "पट्टी? आपण दिली का हो?"

"नाही. काका म्हणाले, तुम्ही घरचे. तुम्हाला पट्टी नाही."

 रघोजी दारात उभा होता. त्यानं धोतराचा सोगा उगीच झटकला. वसुमतीला वाटलं, आता जमीन दुभंगावी.

शेषम्मानं मान वळवून भावाकडे पाहिलं. पाढा चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं. "रघू? ह्यांच्याकडून घेतली नाहींस?"

"अक्का, आपलीं माणसं..."

"किती जणांकडून घेतली नाहींस?"

 उत्तर दिलं ते भुवनानं, आणि तेही न राहवून. "पोंगलनंतर गाडी जाणार म्हणतात, अक्का. इथं पाहुणेच नाहीत म्हणे."

शेषम्माचे जोडलेले हात मांडीवर पडले. वसुमती पुढं धावली, पण तिच्या आधी मिरजेच्या बाई बोलल्या. आवाज दुखावलेला होता.

"काका, घरचे म्हणालात, रात्रभर मला त्याचा आनंद झाला होता. आमच्याकडे घरात कार्य निघालं, तर घरची माणसं आहेर करतात. परक्यानं नाही केला तर चालतं. घरच्यानं नाही केला तर त्याला बोल लागतो. तुम्ही आम्हाला घरचं म्हणालात आणि आहेरच करू दिला नाहीत. हे कसलं नातं?"

 या भागात लग्नकार्यात 'मोय' म्हणून आहेर देतात, आणि न चुकता मोय देणारा म्हणून रघोजीची साऱ्या तालुक्यात ख्याती. पापनाशमच्या हमालाच्या घरचं कार्यसुद्धा त्यानं चुकवलं नव्हतं. आहेराची ही बाजू त्याला कळत नव्हती असं थोडंच होतं?

तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पितळेचं तबक होतं. त्यात हळदकुंकू, विड्याची पानं, सुपारी. ते त्यानं बाईंपुढं धरलं. 

"घाला," तो म्हणाला. "गावाच्या घरीं कार्य अहे म्हणा."

बाईंनी तबकात पट्टी ठेवली, वर एक पान ठेवलं. मैत्रिणींनीही ठेवली. शेषम्मा खुर्चीतून बघत होती.

"रघू," ती म्हणाली, "आतां जा, लक्ष्मीप्रियेला सांग, भाचे अस्के पाहुणे होते म्हणून. आणि बाकीच्या घरांना पण तूंच सांग. चुकीचं गणित तूं शिकवलंस, तूंच पुसायचं."

रघोजी त्याच पावली निघाला. पायात चप्पल घालायचीही राहिली. दुपारपर्यंत तो घरोघर फिरला, आणि प्रत्येक ओसरीवर त्याला स्वतःची फजिती पहिल्यापासून सांगावी लागली, कारण लोक मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारत होते. लक्ष्मीप्रियेनं त्याला पाणी दिलं, जुन्या नोंदी दुरुस्त करून घेतल्या आणि म्हणाली, "आता सुट्ट्यांची गर्दी आहे. एकही भाचा दिसता कामा नये, मामा."

एकही दिसला नाही. पोंगलनंतर फेरवाटप झालं, आणि पहिल्याच सोमवारी हिरवी गाडी शेषम्माच्या उंबऱ्यापाशी नेहमीसारखी उभी राहिली.

शेषम्मा आणखी तीन वर्षं जगली. एकही खेप चुकवली नाही. गेली ती घरच्या बिछान्यावर, पहाटेच्या झोपेत. लक्ष्मीप्रियेची बदली पापनाशमला झाली. तिथं पाहुणे कमी, तरी तिनं दोन लहान गावं मिळून एक गाडी मिळवलीच. भुवना लग्न होऊन कुंभकोणमला गेली. तिथल्या दवाखान्यात काम करते, आणि मुलीला मराठीतलं 'अक्का' शिकवते की तमिळमधलं, यावर तिचे नि वसुमतीचे फोनवर वाद चालतात. मिरजेच्या बाई दर दोन वर्षांनी येतात. आल्या की आधी तबक मागतात, मग कॉफी.

रघोजीचं तबक आता दारातच असतं. पावती तो विड्याच्या पानावर ठेवून देतो, परदेशच्या पाहुण्यालासुद्धा. ती पानं लोक वहीत जपून ठेवतात म्हणे.

आणि वसुमती? तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हल्ली शुक्रवारी तीच त्या गाडीत बसून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाते. राजवाड्याच्या वळणावर छत्र्यांचे रंग तेवढे तिला दिसतात, चेहरे दिसत नाहीत. ती खिडकीची काच खाली करते आणि हात जोडते.