बोट उचलेपर्यंत

“दिवा डावीकडे लागला, तर बघायचं उजवीकडे. उजवीकडे लागला, तर डावीकडे,” राइली म्हणाली.

“माहितीये हो, आकडेमावशी. एकवीस वर्षं तेच सांगताय.”

“सांगायचं, असा नियम आहे. तू ऐकायचं.”

“ऐकतेय की. चौदाव्या वर्षी अजिबात ऐकत नव्हते, तेव्हा एकदा रागवायचं तरी होतं.”

“रागवायचं नाही, हाही नियमच.”

तूली हसली आणि तिने हनुवटी लाकडी आधारावर टेकवली. ती आता तेहतीस वर्षांची होती. कुओपिओ गावातल्या या संस्थेत ती प्रथम आली, तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या वयाची आणखी एकशे वीस मुले तेव्हा निवडली होती. कोवळ्या वयात मनाला लगाम कसा लागतो, स्मृती कशी बळावते आणि मोठेपणी ती दोन्ही कोठे स्थिरावतात, हे त्यांच्यावरून पाहायचे होते. दर दोन-तीन वर्षांनी ती मुले येत राहिली. या काळात संशोधक बदलले, यंत्रे बदलली. बदलली नाही ती परीक्षा घेणारी एकटी राइली. ती ना डॉक्टर होती, ना पंडिता. तारुण्यात ती टेलिफोनच्या केंद्रात जोडण्या देत असे आणि अंक तेव्हापासूनच तिच्या जिभेवर वस्तीला होते. ‘आकडेमावशी’ हे नाव मुलांनी पहिल्याच वर्षी ठेवले, आणि तिने ते एखादी पदवी स्वीकारावी तसे स्वीकारले.

काळ्या पडद्यावर डावीकडे ठिपका उजळला. तूलीची दृष्टी शांतपणे उजवीकडे गेली. पुन्हा उजळला, पुन्हा वळली. बाराव्या वर्षी हीच दृष्टी प्रत्येक वेळी प्रकाशावर झेपावत असे. चौदाव्या वर्षी निम्म्या वेळा वळे, आणि उरलेल्या निम्म्या वेळा खोलीत शिवी ऐकू येई. प्रकाशाकडे धावणे हा दृष्टीचा स्वभाव होय. तिला तिथून वळवणे ही माणसाची कमाई, आणि ती कमाई वर्षावर्षाने वाढताना राइलीने जितक्या जवळून पाहिली होती, तितकी फार थोड्यांनी पाहिली असेल.

मध्यंतरात कॉफी आली, वेलदोड्याचा गोड पाव आला. तूली आता शाळेत सुतारकाम शिकवत होती.

“पंधरा जण वर्गात, आणि प्रत्येकाच्या हातात करवत,” ती म्हणाली.

“तुझ्यासारखी किती आहेत त्यांत?”

“चार. एक तर हुबेहूब मीच. काल तिनं खुर्चीचा पाय कापला. बनवत होती तिचा नाही, बसली होती तिचा.”

राइली मनापासून हसली. परंतु हसतानाही तिचा डावा हात टेबलावर पालथ्या ठेवलेल्या कार्डांवर होता. त्या कार्डांवर अंकांच्या माळा छापलेल्या होत्या आणि त्या तिने आजवर कधीच वाचून दाखवल्या नव्हत्या. सगळ्या तिला मुखोद्गत होत्या. कार्डात डोके न घातल्याने समोरच्याच्या मुद्रेवरून तिची नजर हलत नसे, हा तिचा अभिमान होता. संस्थेचा प्रमुख टेरहो आज सकाळीही तिला चिडवून गेला होता, “कधी बघत नाहीस त्यांच्याकडे. रुसतील हं ती कार्डं!”

ती रुसली नव्हती. रुसले होते दुसरेच काहीतरी. नोव्हेंबरात एकदा मधलाच एक अंक तिच्या जिभेवरून नाहीसा झाला. जानेवारीत पुन्हा तसेच झाले. दोन्ही वेळा तिने कार्ड पुसल्यासारखे केले, हळूच पाहिले आणि लय सांभाळली. कुणाला कळले नाही. वसंतात ती निवृत्त होणार होती. तोवरचे थोडे दिवस निभावून न्यावेत, एवढीच तिची इच्छा होती.

अंकांच्या परीक्षेचा विधी ठरलेला होता. राइलीने स्टॉपवॉच सुरू करून तर्जनी टेबलावर टेकवायची आणि सेकंदाला एक या गतीने अंक म्हणायचे. माळ संपली की बोट उचलायचे. मग समोरच्याने तेच अंक उलट क्रमाने सांगायचे. बोट उचलण्यापूर्वी तोंड उघडले, तर ती चूक. चौदा वर्षांची तूली बोट उचलेपर्यंत कधी म्हणजे कधीच थांबली नव्हती.

पाच अंकांच्या माळा झाल्या, सहांच्या झाल्या. राइलीने सातांची माळ हाती घेतली.

“चार. नऊ. एक. सात.”

पाचवा अंक आला नाही.

जोडणी खोचावी आणि पलीकडे कुणीच नसावे, ओळखीची खरखरसुद्धा नसावी, तसे झाले. कार्ड डाव्या हाताखालीच होते. परंतु कार्ड नावाची वस्तू जगात आहे, हेही तिला सुचले नाही. तर्जनी टेबलावर टेकलेली राहिली. बाहेर बर्फ खरवडणारी गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

या गावात दोन माणसे समोरासमोर गप्प बसली, तर त्यात कुणाला वावगे वाटत नाही. नावेत, सॉनाच्या गरम वाफेत, जेवणाच्या टेबलाशी माणसे अशीच बसतात. तूली गुडघ्यांवर हात ठेवून स्थिर बसली होती. तिने ‘काय झालं’ असे विचारले नाही. खुर्चीही करकरू दिली नाही.

राइली भानावर आली ती दचकून, आणि दचकल्याने तिचे बोट उचलले गेले.

“सात, एक, नऊ, चार,” तूली तत्क्षणी म्हणाली. मग श्वास सोडून तिने नाक खसाखसा खाजवले. “बाप रे! ही नवी काढलीत ना? चारच अंक सांगायचे आणि धीर कधी सुटतो ते बघत बसायचं? नाकावर मुंगी चालल्यासारखं होत होतं, पण हलले नाही. किती वेळ झाला?”

स्टॉपवॉचवर एक मिनिट पन्नास सेकंद झाले होते.

“हो, नवी आहे,” एवढे म्हटले की झाले असते. ते शब्द ओठांपर्यंत आले होते. या हिवाळ्यात तपासलेल्या एक्केचाळीस माणसांचे कागद कपाटात नीट लावून ठेवले होते. वसंतही दूर नव्हता. समोर दिवा लागला होता आणि राइलीची नजर तिकडे धावू पाहत होती.

“नाही गं पोरी,” ती म्हणाली. “विसरले मी.”

तूलीचे हसू ओसरले. “आधी झालंय असं?”

“दोनदा. कार्ड पुसायचं सोंग केलं.”

“टेरहोला माहितीये?”

“सांगितलं, तर एक्केचाळीस जणांना पुन्हा बोलवावं लागेल. दुसरं कुणीतरी त्यांच्यासमोर बसेल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर तुमची एकवीस वर्षं खोटी पडतील. अगदी थोडीशीच. कुणाला कळायचंही नाही.”

“तुम्हाला कळेल.”

“तेच तर. मला तरी किती दिवस कळणार आहे?”

थंड झालेली कॉफी तूलीने उगाच ढवळली. “मावशी, तुम्हाला तो जिना आठवतो?”

“कुठला?”

“हाच की, बाहेरचा. मी चौदा वर्षांची होते. त्याच आठवड्यात आई घर सोडून गेली होती. मी तुमची सगळी कार्डं भिरकावली आणि जिन्यात जाऊन बसले. तुम्ही आलात, शेजारी बसलात. मला वाटलं, आता ही बाई समजूत घालणार, मग मी ओरडणार. पण तुम्ही बोललाच नाहीत. मग ओरडू कुणावर? शेवटी मीच उठले आणि आत आले. पोरं बिथरली की मी अजून तेच करते. नुसती शेजारी जाऊन बसते.”

राइलीने आपल्या स्मृतीत शोध घेतला. त्या वर्षीचे तूलीचे गुण तिला आठवले, कार्डांचा जुना पिवळट रंग आठवला. जिना आठवला नाही. ती उठली, कपाटातून जुनी फाइल काढली आणि पाने उलटली. तिच्याच हातची पेन्सिलीतली ओळ होती : ‘सहभागी उठून गेली. अडतीस मिनिटांनी स्वतःहून परतली.’ परीक्षक त्या वेळी कोठे होती, याविषयी अक्षरही नव्हते.

“ही नोंद अपुरी आहे,” राइली म्हणाली. “परीक्षकानं जागा सोडायची नाही, असा नियम होता.”

“आता काय, तेही लिहिणार?”

“लिहायला हवं.”

प्रत्येक कागदाच्या कडेला एक अरुंद रकाना होता : ‘परीक्षकाची चूक’. एकवीस वर्षे तो कोरा राहिला होता. आजच्या कागदावर राइलीने त्यात लिहिले : ‘पाचवा अंक विसरले. यापूर्वी नोव्हेंबर व जानेवारी.’ खाली आद्याक्षरे घातली. मग जुन्या पानावर त्याच रकान्यात आजची तारीख घालून लिहिले : ‘परीक्षक जिन्यात, सहभागीच्या शेजारी.’

तूली वाकून वाचत होती. “पण ही चूक नव्हती, मावशी.”

“रकाना एकच आहे,” राइली म्हणाली.

टेरहोची खोली वरच्या मजल्यावर होती. दोन्ही कागद फाइलीत घालून राइली निघाली. तूलीने कोट अंगात चढवला, हातमोजे शोधले आणि ती बाहेर आली, तेव्हा राइली वर पोचलेली नव्हती. ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. फाइल मांडीवर होती आणि उजव्या हाताची तर्जनी मघासारखीच तिच्यावर टेकलेली होती.

तूली चार पायऱ्या चढली आणि तिच्या शेजारी बसली. ते बोट उचलले जाण्याची वाट पाहत राहिली.