कोरडे दाते

मास्तरांनी तंत्रशाळेत तीस वर्षं मोटारसायकलचं काम शिकवलं होतं. त्यांच्या स्वतःच्या गाडीला चेन नव्हती. इंजिनाचा जोर एक फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, मागच्या चाकापर्यंत पोचवायचा. चेनवाल्यांना ते साखळदंडातले कैदी म्हणत. निवृत्तीनंतर गाडी लेकीकडे गेली. ती गुरांची डॉक्टर, दिवसभर वाड्यावस्त्यांवर फिरणारी. देखभाल मात्र मास्तरांकडेच राहिली. गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

गेल्या वर्षी त्यांनी मागचा टायर बदलला. चाक जिथे शाफ्टच्या गिअरपेटीत बसतं तिथले दाते रॉकेलने लख्ख धुतले आणि ग्रीसचा डबा उघडला, तर तळाला खरवडण्यापुरतंही नव्हतं. गुडघे ठणकत होते, लेक बॅग घेऊन उभी होती. आज बसवू, उद्या पुन्हा काढून ग्रीस लावू, असं म्हणत त्यांनी चाक चढवलं.

"ग्रीस लावलं ना बाबा?" तिने विचारलं.

"मला विचारतेस?" मास्तर म्हणाले.

तो उद्या काही उजाडला नाही.

आणि वर्षभराने, परवा सकाळी, भर रस्त्यात गाडीने हात टेकले. इंजिन चालू, गिअर पडतोय, चाक मात्र ढिम्म. एक गाय अडली होती, लेक तिथेच निघाली होती. गाडी सोडून ती तासभर चालत गेली. गाय वाचली, वासरू गेलं.

गाडी 'घाई'च्या गॅरेजात आणली. घाई हा मास्तरांचाच विद्यार्थी, नावही त्यांनीच पाडलेलं. एकदा त्याने कोरड्या दात्यांवर चाक बसवलं, तेव्हा मास्तरांनी ते वर्गापुढे नाचवलं होतं आणि त्याला आठवडाभर बाहेर उभं केलं होतं.

घाईने चाक ओढून काढलं. खाली अंथरलेल्या कागदावर गंजाची विटकरी भुकटी सांडली. दाते झिजून सुरीच्या पात्यासारखे झाले होते. त्याने एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि पटकन दात्यांवर फडकं टाकलं.

"लोखंडच थकलंय ताई. जुनी गाडी. सर तरी काय करणार?"

लेकीने सुस्कारा सोडला. "मला वाटलं, मीच गाडी कुठे खड्ड्यात आपटली असेल. दोन दिवस तेच डोक्यात आहे."

मास्तरांनी दात्यांवरचं फडकं बाजूला केलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"लोखंड थकलेलं नाही," ते म्हणाले. "मी ग्रीस लावलंच नव्हतं."

"मी विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, मला विचारतेस?"

"म्हणालो."

"ती गाय त्या मेलेल्या वासराला चाटत होती, बाबा. थांबतच नव्हती," एवढं बोलून ती बाहेर गेली.

घाईने स्टूल पुढे सरकवलं. मास्तर बसले नाहीत.

"तुला मी वर्गाबाहेर काढलं होतं, याच चुकीसाठी."

"बरोबरच केलंत सर. तेव्हापासून एकही चाक कोरडं बसवलं नाही मी."

हे ऐकून तर मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी नवे भाग आले. लेक मास्तरांना बरोबर घेऊन गॅरेजात गेली, पण किल्ली घाईच्या हातात दिली. "यापुढे गाडी इथेच येईल. आणि मलाही शिकव." आवाजात राग नव्हता. मास्तर कोपऱ्यातल्या बाकावर टेकले. घाई दाखवत गेला, ती करत गेली: दाते पुसणं, ग्रीसचा पातळ हात, चाक सरळ आत सरकवणं. मग गिअरपेटीतलं जुनं तेल काढलं. मास्तरांचे ओठ हलत होते, पण त्यांनी शब्द बाहेर पडू दिला नाही.

तेलाचं भांडं हातात धरून लेक थबकली. मागे न पाहताच तिने विचारलं, "बाबा, किती भरायचं?"

मास्तर चटकन उठले, मग पुन्हा बसले.

"गाडी सरळ उभी करून, भोकाच्या खालच्या कडेपर्यंत," ते म्हणाले. "पण घाईला विचार. खात्री करून घे."