बागेच्या पुस्तकांच्या पुड्या

बायकोच्या, मथुराबाईच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी बिभीषणनं तिची पत्र्याची पेटी उघडली. आजारपणात ती एकदा म्हणाली होती, "पेटी तुम्हीच उघडा. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका." आत एखादा दागिना असेल असं त्याला वाटलं होतं.

दागिना नव्हता. लग्नातल्या शालूच्या घडीत एक कागद निघाला. जाड, गुळगुळीत. त्यावर एक लहान पोरगी झारीनं भोपळ्याच्या वेलाला पाणी घालत होती. कागदावर घड्यांच्या खुणा होत्या आणि एका कोपऱ्यात साखरेचा चिकट डाग.

सोसायटीच्या रेशन दुकानात बारा वर्षं पुड्या बांधणारा माणूस आपल्या हातची घडी ओळखतो. बिभीषण पेटीपाशीच खाली बसला.

चार वर्षं झाली होती त्या गोष्टीला. बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी लोक पिशवीतून न्यायचे, पण साखरेला पुडी लागायची, आणि कळंबच्या बाजारात रद्दी मिळत नव्हती. एके दिवशी एसटीच्या टपावरून पोत्यांबरोबर एक गठ्ठा उतरला. बालवाडीच्या लेकरांसाठी चित्रांची पुस्तकं होती, बाग कशी करायची त्याची. बी पेरा, पाणी घाला, वेल मांडवावर चढवा. बालवाडीत शिकवणाऱ्या गजराबाईंना गठ्ठा न्यायला निरोप धाडायचा होता. बिभीषणनं एक पुस्तक चाळलं आणि त्याला हसू आलं. टँकरवर बाया एकमेकींच्या झिंज्या धरतायत, आणि हे म्हणे बाग करा! बाहेर रांग लागलेली, आत रद्दीचा कपटा नाही. एकच घेऊ, म्हणून त्यानं एक पुस्तक फाडलं. कागद चांगला निघाला, साखर गळेना. दुपारपर्यंत बाराच्या बारा पुस्तकं संपली.

महिन्यानं तालुक्याचे साहेब आले. रेशनची रांग लागलेली होती. रांगेतच त्यांनी गजराबाईंना विचारलं, "बाई, पुस्तकं कुठायत?"

"मला मिळालीच न्हाईत, साहेब."

"एसटीवरनं उतरलेली म्या बघितलीत," सोसायटीचे पंच आबाराव म्हणाले.

मागून कुणीतरी बोललं, "वस्तीत हुडका साहेब! शिकायची लई हौस हाय तिकडं!" गजराबाई बौद्ध वस्तीतल्या. सगळी रांग हसली.

साहेबांनी बिभीषणकडं बघितलं. तो तराजूमागं उभा होता. "बाईंना दिली असतील की," तो म्हणाला.

एवढंच बोलला. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. त्यानंतर बालवाडीला तालुक्याहून ना पाटी आली ना खेळणं. गावातल्या काही घरांनी लेकरं धाडणं बंद केलं. आणि गजराबाई साखरेला घरून डबा आणायला लागल्या. बिभीषणला वाटलं, पुडी फुटत असेल.

साहेब येऊन गेले त्या दिवशी घरी मथुराबाईनं विचारलं होतं, "बाईची पुस्तकं घावली का वो?"

"मला काय ठाव?"

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. चार वर्षं त्याला भाकरी वाढली, त्याचे पाय चेपले, आणि हा कागद शालूत जपला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती त्याच्या बोलण्याची वाट बघत राहिली आणि वाट बघतच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बालवाडीत गेला. आठ-दहा लेकरं बसली होती. त्यानं कागद पुढं केला. गजराबाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि कोनाड्यातून एक बाड काढलं. सुतळीनं शिवलेलं. तशीच पानं, तशाच घड्या, तेच डाग.

"वस्तीतल्या सात घरांतनं गोळा केलीत," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्यात पुड्या आलत्या की."

"तुमाला म्हाईत हुतं? मग तवाच साहेबांना दाखवायची की, बाई!"

"काय दाखवू? पानं माझ्याच घरात घावली म्हंजी चोर कोण ठरलं असतं, भाऊ?"

त्यांनी नवं पान बाडात मधे ठेवून बघितलं. "हेच नव्हतं. पोरं इचारायची, बी उगवलं, मग पाणी कुणी घातलं? म्या म्हणायची, आभाळानं. तर ती म्हणायची, बाई, आभाळ कुठं घालतंय पाणी!"

त्या हसल्या.

"बाई, माझं चुकलं. माफी..."

"इथं नगं." त्यांचं हसू गेलं. "म्या रांगेत हुबी हुते. रांगेत सांगा."

चार दिवसांनी साखर आली. रांग लागली. आबाराव पुढं होते, गजराबाई डबा घेऊन मागं. बिभीषणनं तराजू खाली ठेवला.

"बालवाडीची पुस्तकं बाईंनी नेली न्हवती," तो म्हणाला. "म्या फाडली. पुड्या बांधल्या. बाईंवर आळ आला तवा म्या गप बसलो."

तो मान खाली घालून उभा राहिला. आता कुणीतरी थुंकेल, पंच कामावरून काढतील, असं त्याला वाटलं.

आबाराव हसले. "ते आमाला ठाव न्हवतं व्हय? माझ्या नातवानं ती चितरं भिताडाला डकवली हुती की. जाऊ द्या, कागदच तर हुते. बायकू गेल्यानं मन हळवं झालंय तुमचं. घाला साखर."

"व्हय, घाला घाला," मागचे म्हणाले. "ऊन चढतंय."

बस, एवढंच. ज्यासाठी बाईंना चार वर्षं कुणी सोडलं नव्हतं, त्यातून त्याला घोटभर पाणी गिळायच्या आत सोडून दिलं. बिभीषणला पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटली. त्यानं मान वर करून गजराबाईंकडं बघितलं. त्या आबारावांच्या पाठीकडं बघत होत्या.

त्यांचा नंबर आला. त्यांनी डबा पुढं केला. बिभीषणनं साखर तोलली आणि डब्यात ओतली. त्याच्या हातच्या पुडीला त्या का शिवत नव्हत्या, हे आता त्याला कळलं होतं.

"पुढच्या खेपेला पण डबाच आणीन," झाकण लावत त्या म्हणाल्या.

"व्हय, बाई," तो म्हणाला.